मदत हवी आहे: नानांच्या तीनशे डीव्हीडी, नवा ५५ इंची टीव्ही. आता ब्लू-रे घ्यावा का?

कपाटवाली

नमस्कार मंडळी. नवा धागा काढण्याआधी शोधून बघितलं. याच विषयावरचा एक जुना धागा सापडला, पण त्यात सगळे "थोडं थांबा, किमती उतरतील" एवढंच सांगतायत. थांबून झालं. आता पुढे बोला.

आम्ही ठाण्याला राहतो. माझे सासरे, नाना, वय ७८. हॉलमधल्या शोकेसचे खालचे दोन कप्पे आणि माळ्यावरची एक पेटी ही त्यांची इस्टेट. मागच्या रविवारी मोजली: ३१२ डीव्हीडी आणि सत्तरेक व्हीसीडी, त्यातली बहुतेक मराठी नाटकं. प्रत्येक कव्हरवर बॉलपेनने नंबर आणि त्या नंबरांची एक लांब वही. शनिवारी दुपारी जेवणं झाली की वही उघडते, नंबर निघतो आणि मला हाक येते, "सूनबाई, एकशे अठ्ठ्याऐंशी काढ गं."

दसऱ्याला ५५ इंची ४के टीव्ही आणला. पहिल्याच शनिवारी नानांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हा परत करा. जुना डबा बरा होता." वाईट याचं वाटलं की त्यांचं खरं होतं. माणसांचे चेहरे मेण ओतल्यासारखे, अक्षरांच्या कडा करवतीसारख्या, आणि चारी बाजूंनी काळी पट्टी सोडून मधेच चित्र. एवढा मोठा टीव्ही आणि सिनेमा पोस्टकार्डाएवढा!

घरात तीन पक्ष पडलेत. मुलगा म्हणतो सगळं भंगारवाल्याला द्या, ऑनलाइन काय नाही मिळत? नवरा म्हणतो ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीचा प्लेअर घेऊ, आणि घ्यायचाच तर ४केच घेऊ. अमेरिकेत एडिसनला असलेले माझे दीर डिसेंबरमध्ये येतायत, ते म्हणतात काहीच घेऊ नका, प्लेअर आणि डिस्क मी इकडून घेऊन येतो. बजेट २५ हजार, थोडं ताणता येईल. सोफा ते टीव्ही नऊ फूट. एक जुना साउंडबार आहे.

प्लेअर बदलला तर नानांच्या जुन्या डिस्क सुधारतील का? ४के घ्यावा की साधा ब्लू-रे पुरे? आणि या वस्तू पाच वर्षांनी मिळणार तरी आहेत का? दिरांना पंधरा तारखेच्या आत कळवायचंय.

पिवळी_पिन

ताई, पैसे खर्च करण्याआधी टीव्हीच्या मागे हात घालून सांगा: डीव्हीडी प्लेअर कोणत्या वायरने जोडलाय?

कपाटवाली

बॅटरी लावून बघितलं. लाल-पांढरी-पिवळी, पिवळी टीव्हीच्या पिवळ्यात. जुन्या टीव्हीची होती तीच लावली. प्लेअरच्या मागे एचडीएमआयचं भोकही दिसतंय, त्यात धूळ सोडून काही नाही.

पिवळी_पिन

सापडला चोर. त्या एका पिवळ्या वायरीतून रंग आणि उजेड एकत्र कालवून जातात, नवा टीव्ही त्या खिचडीतून तांदूळ आणि डाळ वेगळी करायला बघतो. एचडीएमआय केबल लावा. मग टीव्हीत पिक्चर मोड 'व्हिविड' असेल तो 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. आणि 'मोशन' असा शब्द ज्या ज्या सेटिंगच्या नावात असेल ते बंद. चेहरे मेणासारखे दिसतात त्यातला अर्धा दोष या शेवटच्याचा.

सगळं_ऑनलाइन

मुलाचं बरोबर आहे. २०२५ मध्ये डिस्क कोण बघतं? प्लेअर बनवणाऱ्या कंपन्याच पळ काढतायत. ओप्पोने २०१८ ला थांबवलं, सॅमसंगने २०१९ ला, एलजीने २०२४ ला. पंचवीस हजारात किती वर्षांचं सबस्क्रिप्शन येईल मोजा.

रीळवेडा

@सगळं_ऑनलाइन, कंपन्यांचं म्हणणं खरं आहे. नावाजलेल्यांत आता सोनी आणि पॅनासोनिक एवढेच उरलेत. म्हणूनच घ्यायचा तर आता घ्यावा, असाही त्याचा अर्थ निघतो. सबस्क्रिप्शनचं म्हणाल तर माझ्या यादीतले चार मराठी सिनेमे गेल्या दिवाळीपासून गायब आहेत. त्यातला एक बायकोच्या माहेरच्या गावात शूट झालाय, दरवर्षी एकदा तो लावावा लागतो. शेवटी आठ वर्षांपूर्वीची डीव्हीडी काढली.

कपाटवाली ताई, आता तुमच्या चौकटीचं. आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडी चौकोनी टीव्ही डोळ्यांसमोर ठेवून काढलेल्या. वरची-खालची काळी पट्टी चित्रातच छापलेली असते, आणि रुंद टीव्ही त्यात डाव्या-उजव्या पट्ट्यांची भर घालतो. रिमोटवर 'झूम' असतं, ते दाबा, चित्र पडदाभर येईल. पण एक गोष्ट कुठलाही प्लेअर बदलू शकत नाही. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीत उभ्या दिशेने ५७६ रेघा असतात. सिनेमास्कोप सिनेमा असा पट्ट्यांसकट छापला की खऱ्या चित्राच्या वाट्याला त्यातल्या सव्वातीनशेच्या आसपास उरतात. बाकी रेघा काळा रंग साठवण्यात खर्च. तुमच्या ४के टीव्हीला २१६० भरायच्यात. सव्वातीनशेच्या पिठात एवढ्या पोळ्या लाटायच्या म्हटल्यावर पोळी पारदर्शक होणारच.

ब्लू-रेला १०८० रेघा. डीव्हीडी दोन थरांची असली तरी ८.५ जीबी, ब्लू-रे ५०. लाल लेसरच्या जागी निळा-जांभळा आला, त्याची तरंगलांबी कमी, म्हणून तेवढ्याच तबकडीवर बारीक खाचा मावतात. बारा सेंटिमीटरची तबकडी तीच, आणि प्लेअरमध्ये लाल लेसरही ठेवलेला असतो, म्हणून ब्लू-रे प्लेअर जुन्या डीव्हीडीही वाजवतात. नानांच्या ३१२ कुठे जात नाहीत. व्हीसीडीचं मात्र आधी विचारून घ्या, बऱ्याच नव्या प्लेअरवर त्या चालत नाहीत.

कपाटवाली

पोळ्यांचं लगेच कळलं. पण मग ४के?

ध्वनिवेडा

नऊ फुटांवरून ५५ इंची टीव्ही बघताय ना? साधारण सात फुटांच्या पलीकडे गेलं की या आकारावर फुल एचडी (म्हणजे साधा ब्लू-रे) आणि ४के यांतला बारकाव्यांचा फरक चांगल्या नजरेलाही पकडता येत नाही. डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला मात्र नऊ फुटांवरून सरळ दिसतो. (नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? चेष्टा नाही, माझ्या वडिलांचं झालं तेव्हा त्यांनी "टीव्ही बदललास का?" म्हणून विचारलं होतं.) ४के डिस्कचा खरा फायदा एचडीआरचा, म्हणजे अंधारातल्या छटा, दिव्यांची झळाळी. तो कितीही लांबून कळतो, पण टीव्हीत तेवढी ताकद हवी. स्वस्त ४के टीव्हीवर एचडीआरचा शिक्का असतो, उजेड नसतो.

आवाजाकडे कोणी बघत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ऑनलाइन ४के सेकंदाला साधारण १५ मेगाबिटच्या आसपास येतं, ४के डिस्क शंभराच्या वर जाऊ शकते, आणि आवाजही काटछाट न केलेला असतो. पण तुमचा साउंडबार ऑप्टिकल वायरवर असेल तर तो आवाज त्यातून येणारच नाही. त्यासाठी ईएआरसी, म्हणजे एचडीएमआय वायरीतून टीव्हीचा पूर्ण आवाज साउंडबारला देणारी सोय लागते. नानांना संवाद नीट ऐकू येत नसतील तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्टिरिओ पीसीएम करून बघा. माझ्याकडे दर रविवारी होणारी "काय म्हणाली ती?" बंद झाली.

बॅग_भरणारा

मी न्यू जर्सीत आठ वर्षं काढून परत आलोय, म्हणून दिरांना आजच फोन करा. तिकडून प्लेअर आणू देऊ नका.

ब्लू-रेचे जगात तीन विभाग आहेत. अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये, आपण सी मध्ये. अमेरिकेतला प्लेअर सी ला कुलूपबंद केलेली डिस्क घेणार नाही. डीव्हीडीचे विभाग आणखी वेगळे, अमेरिका १ आणि भारत ५. त्यातून तिकडच्या कित्येक प्लेअरना पाल पद्धत कळतच नाही. म्हणजे नानांच्या डीव्हीडी घातल्या की पडद्यावर नकाराची पाटी. आणि सगळ्यात आधी मागचं लेबल वाचायला सांगा. नुसतं ११०-१२० व्होल्ट लिहिलं असेल आणि तुम्ही आपल्या २३० मध्ये पिन घातली, तर सिनेमा सुरू होण्याआधीच धूर. माझा गेला तसाच, उद्घाटनाला सासरची मंडळी बसलेली असताना.

डिस्क आणायला हरकत नाही, पण कव्हरच्या मागचं विभागाचं चिन्ह बघून. ए, बी, सी तिन्ही अक्षरं असतील तर चालेल. ४के डिस्कना विभागाचं कुलूप नसतंच, जगात कुठलीही कुठेही. ४के प्लेअरच्या बाजूने माझ्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा, रेघा-बिघा नंतर. फक्त ४केच्या डब्यात सोबत जी साधी ब्लू-रे येते तिला कुलूप असू शकतं.

एकदा_पोळलेला

मी २००७ मध्ये अमेरिकेत होतो. तेव्हा दोन निळ्या लेसरवाल्यांची कुस्ती चालू होती, ब्लू-रे विरुद्ध एचडी डीव्हीडी. मला एचडी डीव्हीडी आवडलं, कारण प्लेअर स्वस्त आणि नावात डीव्हीडी. प्लेअर घेतला, चौदा डिस्क घेतल्या. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने ब्लू-रेच्या बाजूने कौल दिला आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीच्या गोटातल्या मुख्य कंपनीने हात वर केले. आमच्या चहाच्या कपाखाली त्यातल्या दोन डिस्क अजून आहेत.

हे रडगाणं एवढ्यासाठी, की आज ती भीती नाही. ब्लू-रेला समोर कोणी उरलेलं नाही. उरलाय तो फक्त म्हातारपणाचा प्रश्न, आणि म्हातारा होतोय म्हणून कोणी बघणं सोडत नाही. नानांना विचारा.

रीळवेडा

पुन्हा येतो, कारण मूळ मुद्दा राहिला. ३१२ पैकी किती सिनेमे ब्लू-रेवर मिळतील? मराठीतले शोधायला गेलो तर माझ्या हाती एकही लागला नाही. जुन्या हिंदीतले काही निघाले, पण त्यातही फसवाफसवी आहे. जुनीच टीव्हीसाठीची प्रिंट ताणून ब्लू-रेवर घातलेली, किंवा रिळाचा नैसर्गिक दाणा घासून घासून नायिकेचं प्लास्टिक केलेलं. मूळ निगेटिव्हवरून नव्याने काम झालं असेल तरच पैसे द्या.

असं काम म्हणजे काय ते एकदा बघायचं असेल तर सत्यजित राय यांचे अपूचे तीन सिनेमे. त्यांच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या. उरलेले तुकडे अमेरिकेच्या, ऑस्कर देणाऱ्या अकादमीने जपून ठेवले, पुढे इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ते हाताने दुरुस्त झाले, आणि क्रायटेरियन या जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१५ मध्ये त्याची ब्लू-रे काढली. मी ती आधी डीव्हीडीवर पाठ केलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघितली. 'पथेर पांचाली'तल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजता येतात. तीच ब्लू-रे ए विभागाची आहे, पण ४के आवृत्तीही निघालीय. दिरांना आणायचंच असेल तर तो ४के डबा आणू दे.

म्हणून माझा सल्ला: नानांच्या वहीतून त्यांनी तीनदा-चारदा पाहिलेले दहा नंबर काढा. त्यातले जे चांगल्या प्रतीत मिळतील तेवढेच घ्या. बाकी डीव्हीडी जिथे आहेत तिथे.

कपाटवाली

अपडेट. एचडीएमआय केबल शेजाऱ्यांकडून आणली, सिनेमा मोड, मोशनचं जे जे दिसलं ते बंद, झूम दाबलं. शनिवारी नानांनी २०४ नंबर मागितला. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता माणसं माणसांसारखी दिसतायत." टीव्ही वाचला.

वहीचं केलं. दहा नाही, चौदा निघाले. त्यातले नऊ मराठी, म्हणजे ते डीव्हीडीवरच राहणार. दिरांना प्लेअरला नाही म्हटलं, लेबलवर खरोखर १२० व्होल्टच होतं (@बॅग_भरणारा, तुम्हाला चहा लागू). अपूचा ४के डबा मात्र ते आणतायत. प्लेअर इथूनच घेणार, आणि विभागाच्या कटकटीपायी ४केच. नवरा जिंकला असं त्याला वाटतंय, वाटू दे.

आता पेटीतलं एक नवीन प्रकरण. तळाशी आमच्या लग्नाच्या, २००५ च्या, दोन डीव्हीडी निघाल्या, शूटिंगवाल्याने घरीच बर्न करून दिलेल्या. पहिली चालते. दुसरी कानपिळीला येऊन अडकते आणि पुढे जातच नाही. खालून बघितलं तर जांभळ्या भागावर कडेला फिकट डाग.

पिवळी_पिन

हिला आधी घ्या, प्लेअर नंतर. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर खाचा असतात, घरी बर्न केलेल्यात नुसता रंग, आणि तो उष्णतेने, दमट हवेने उडतो. ठाण्यातला माळा म्हणजे दोन्ही. मऊ कोरड्या फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. मग प्लेअरवर न लावता कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घाला, शक्यतो जुन्या. एका ड्राइव्हला न वाचता येणारी दुसरा वाचतो. चालली की त्याच बैठकीत हार्ड डिस्कवर कॉपी, आणि एक प्रत भावाकडे. व्हीसीडींचंही तसंच, आतली डॅट फाइल नुसती कॉपी केली तरी कॉम्प्युटरच्या व्हीएलसी प्लेअरवर चालते.

कपाटवाली

तीन ड्राइव्ह झाले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या डेस्कटॉपने उचलली, चाळीस मिनिटं घरघर करत. कानपिळी मिळाली. भाऊ आमच्या ह्यांचा कान पिळतोय आणि मागे नाना, डोक्यावर सगळे केस असलेले, शूटिंगवाल्याला हाताने बाजूला करतायत. नानांनी वहीत ३१३ नंबर टाकलाय.