जिल्ह्याचा पेपर बंद करू का?

उदगीरकर: आबा रोज सकाळी जिल्ह्याचा चार पानी पेपर घेतात, मी म्हणलं पीडीएफ येते की व्हॉट्सॲपवर फुकटात, बंद करू का, तर दोन दिवस बोललेच नाहीत. एवढं काय असतंय त्यात?

मोंढेवाला: सोयाबीनची आवक किती, भाव काय निघाला, आणि कोण वारलं, राख सावडायला कधी जायचं. पुण्याच्या पेपरात आमच्या गल्लीतला माणूस येतो का कधी?

कोर्टकचेरी: जाहीर प्रकटन विसरले राव, जमीन-घराच्या व्यवहाराआधी छापतात ती नोटीस. 'हरकत असल्यास १५ दिवसांत कळवावे', हे वाचूनच आमच्या पक्षकाराची चुलत बहीण कागदं घेऊन दारात. पण खरं सांगू का, पेपर चालतो तो असल्या नोटिसा अन् पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर, म्हणून गावच्या पुढाऱ्याविरुद्ध बातमी जरा दबकतच येते.

जुनाछापखाना: दबकत? निजामाच्या राज्यात आ. कृ. वाघमाऱ्यांनी 'मराठवाडा' हा पेपर काढला, निजामानं बंदी घातली की नाव बदलून पुन्हा अंक! पुढं अनंत भालेरावांनी तोच पेपर औरंगाबादेतून चालवला.

उदगीरकर: बरं बाबांनो, चालू ठेवतो. आत्ता बघितलं, आबांच्या उशीखाली कातरणं निघाली, वरचं माझ्या दहावीच्या निकालाचं.