टँकरच्या पाण्याने कडक होणारे टॉवेल आणि फॅब्रिक सॉफ्टनरला नैसर्गिक पर्याय

कासारवडवलीकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका संकुलात राहतो. आमच्याकडे महापालिकेच्या पाण्यात बोअरवेलचे पाणी मिसळलेले असते आणि उन्हाळ्यात त्यात टँकरची भर पडते. धुतलेले टॉवेल, चादरी आणि बाळाची दुपटी वाळल्यावर इतकी कडक होतात की दोरीवरून काढलेला टॉवेल मधोमध मोडलेल्या अवस्थेत तसाच ताठ राहतो. बाजारातील फॅब्रिक सॉफ्टनर वापरला तर स्पर्शाला मऊपणा येतो, परंतु टॉवेल अंगावरचे पाणी टिपेनासे होतात, बाळाच्या लंगोटातून ओल बाहेर येते आणि सासूबाईंना त्या वासाने शिंका व डोकेदुखीचा त्रास होतो. शिवाय ते पाणी शेवटी खाडीलाच जाऊन मिळते, ही टोचणी मनाला आहेच.

व्हिनेगर, खाण्याचा सोडा, रिठे, लोकरीचे गोळे असे अनेक उपाय वाचनात आले, पण त्यांपैकी कोणता उपाय नेमके काय काम करतो हे कोणी सांगत नाही. आमचे मशीन फ्रंट लोड आहे. आम्लामुळे त्याच्या रबराला अपाय होईल का, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांसाठी यांतले काय निर्धोक आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

जुईनगर_रसायन

ताई, ठाणे-बेलापूर पट्ट्यात डिटर्जंटशी संबंधित कामात बरीच वर्षे गेल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. उपाय निवडण्यापूर्वी कपडा कडक का होतो हे पाहणे आवश्यक आहे, कारण सॉफ्टनर मूळ कारणाला हातच लावत नाही.

सॉफ्टनरमध्ये धनभारित पृष्ठसक्रिय रसायने (एक टोक पाण्याकडे, दुसरे मेदाकडे ओढले जाणारी) असतात. सुती धाग्याचा पृष्ठभाग पाण्यात किंचित ऋणभारित असल्यामुळे ती त्याला चिकटतात आणि त्यांच्या लांब, मेदासारख्या शेपट्या बाहेरच्या बाजूला राहतात. हाताला जो मऊपणा जाणवतो तो या पातळ स्निग्ध थराचा असतो, आणि हाच थर पाण्याला धाग्यात शिरू देत नाही. म्हणून टॉवेल पाणी टिपत नाहीत आणि लंगोट गळतो. या रसायनांचा मेद कधी पामतेलापासून, तर कधी प्राण्यांच्या चरबीपासून मिळवलेला असतो, ही गोष्ट कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्या घरांना ठाऊक असलेली बरी. जुनी रसायने निसर्गात फार सावकाश विघटित होत असत. 1990च्या दशकात युरोपातील उत्पादकांनी त्यांच्या जागी लवकर विघटित होणारी रसायने आणली, त्यामुळे त्या बाबतीत परिस्थिती सुधारली आहे. मात्र वास दीर्घकाळ टिकावा म्हणून काही उत्पादनांत सुगंध सूक्ष्म प्लास्टिकच्या कुप्यांत भरलेला असतो. युरोपीय संघाने 2023 मध्ये केलेल्या नियमानुसार अशा कुप्यांवर 2029 पासून निर्बंध लागू होतील.

आता तुमच्या टॉवेलांविषयी. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साध्या धुलाई पावडरींमध्ये धुण्याच्या सोड्याचे प्रमाण बरेच असते. हा सोडा आणि पाण्यातील कॅल्शियम एकत्र आले की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे बादलीला आणि गीझरला धरणारी तीच पांढरी पुटे, टॉवेलच्या फाशांत, म्हणजे पृष्ठभागावरील दोऱ्यांच्या वेटोळ्यांत, जमू लागतात. वडीचा साबण वापरत असाल तर त्यात न विरघळणाऱ्या साबणाच्या चिकट साक्याची भर पडते. कपडे कडक झाले की पावडर अपुरी पडली असे वाटून आपण ती वाढवतो, आणि फ्रंट लोड मशीन कमी पाणी घेत असल्याने ती जास्तीची पावडर नीट खळबळून निघत नाही.

व्हिनेगरचा उपयोग इथे होतो. त्यातील ॲसिटिक आम्ल कार्बोनेटचे पुट विरघळवते आणि धाग्यात उरलेला अल्कलीपणा घालवते. धाग्यावर कोणताही थर ते ठेवत नाही, त्यामुळे टॉवेलची पाणी टिपण्याची क्षमता शाबूत राहते. शेवटच्या खळबळीला साधारण 100 मिलिलीटर पांढरे व्हिनेगर पुरेसे होते आणि कपडा वाळला की त्याचा वास उडून जातो. किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड, म्हणजेच लिंबूसत्त्व, हेच काम अधिक स्वस्तात आणि वासाविना करते. एक सपाट चमचा, म्हणजे अंदाजे 5 ग्रॅम, सायट्रिक ॲसिड पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळवले की 4 टक्क्यांच्या 100 मिलिलीटर व्हिनेगरइतकी आम्लता मिळते. माझी स्वतःची पसंती लिंबूसत्त्वालाच आहे, कारण ते कोरड्या पुडीतून मिळते, दर महिन्याला प्लास्टिकची बाटली घरात येत नाही आणि कॅल्शियमला धरून ठेवण्याची त्याची ताकद ॲसिटिक आम्लापेक्षा अधिक आहे.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकाच धुलाईत येऊ देऊ नका, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. तसेच व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करू नका. फेस येतो म्हणून काही घडते आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात दोघे एकमेकांना निकामी करतात आणि हाती केवळ खारट पाणी उरते. वडीच्या साबणाने धुतलेले कपडेही आधी स्वच्छ खळबळून घ्यावेत, नाहीतर आम्लामुळे उरलेल्या साबणातील मेद सुटा होतो आणि कपडा तेलकट लागतो.

नौपाड्याच्या_काकू

वरील माहिती फार उपयुक्त आहे. त्यात रिठ्याविषयी थोडी भर घालते, कारण त्याबाबत बराच गैरसमज आढळतो. रिठा कपडे मऊ करत नाही, तो कपडे स्वच्छ करतो. त्याच्या सालीतील सॅपोनिनमुळे फेस येतो आणि त्याचे पाणी सोड्यासारखे तीव्र नसते, म्हणून रेशीम आणि लोकर त्यात धुतल्यावर त्यांचा पोत टिकतो. जे कपडे पावडरीमुळे रखरखीत होतात ते रिठ्याने मऊ राहतात ते यामुळेच. आमच्याकडे लोकरीचे स्वेटर, रेशमी ब्लाउज आणि जुन्या मऊ सुती साड्या रिठ्यानेच धुतल्या जातात.

बिया काढून टाकलेली साल रात्रभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळावी, निवल्यावर हाताने कुस्करावी आणि पाणी पातळ मलमलीतून दोनदा गाळून घ्यावे. गाळणीत कसर ठेवली तर सालीचे बारीक कण कपड्याच्या विणीत अडकतात आणि वाळल्यावर टोचतात. हे पाणी शीतकपाटात थोडेच दिवस टिकते, त्यामुळे लागेल तेवढेच करावे. डोळ्यांत गेल्यास फार झोंबते, म्हणून बाळ जवळ असताना ते उघडे ठेवू नये. पांढऱ्या कपड्यांवर त्याची पिवळसर झाक चढते, तेव्हा बाळाच्या पांढऱ्या झबल्यांसाठी ते वापरू नये असे मी सुचवेन. आणि केवळ झाडापासून मिळते म्हणून ते सर्वांनाच निरुपद्रवी असते असेही नाही. रिठ्यातील सॅपोनिन माशांना घातक असते, म्हणून ते पाणी विहिरीत, तळ्यात किंवा घरच्या मत्स्यटाकीजवळ ओतू नये. सांडपाण्याच्या वाहिनीतून ते शुद्धीकरण केंद्राकडे गेले तर वाटेत आणि तिथे त्याचे विघटन होते.

लोकरीचे गोळे सुकवणी यंत्रात गरम हवेबरोबर कपड्यांवर आपटतात तेव्हाच काम करतात. तुमच्या घरी कपडे दोरीवर वाळत असतील तर त्यांवर पैसे खर्च करू नका.

खरा फरक कपडे वाळत घालण्याच्या पद्धतीने पडतो आणि तिकडे कोणी लक्ष देत नाही, याचे मला वाईट वाटते. मशीनमधून काढलेला टॉवेल दोन्ही हातांनी टोके धरून जोरात चार-पाच वेळा झटकावा म्हणजे चेपलेले फासे उभे राहतात. वाळत आला की पुन्हा एकदा झटकावा. पूर्ण वाळल्यावर हातांत धरून एकमेकांवर चोळला की उरलासुरला कडकपणा निघून जातो. भर उन्हात, वारा नसलेल्या गॅलरीत तासन्‌तास राहिलेला टॉवेल हमखास कडक होतो, तर पंख्याखाली किंवा वाऱ्यावर हलत वाळलेला मऊ राहतो. बाळासाठी आणि सासूबाईंसाठी जाड टर्किश टॉवेलाऐवजी पंचे वापरून पाहा. त्यांना फासे नसतात, ते लवकर वाळतात, धुतील तसे अधिक मऊ होतात आणि त्यांना कोणतेच द्रव्य घालावे लागत नाही.

सुगंध हवाच असेल तर कपाटात वाळ्याची जुडी किंवा नागरमोथ्याची पुरचुंडी ठेवावी. अंगाला लागणाऱ्या कपड्यावर सुगंधी तेलाचे थेंब टाकू नयेत, विशेषतः घरात तान्हे बाळ असताना.

माजिवडा_सोसायटी

आमच्या सोसायटीच्या समितीत पाण्याची जबाबदारी माझ्याकडे असल्याने केवळ पाण्यापुरते लिहितो. ठाण्याला मिळणारे नळाचे पाणी प्रामुख्याने भातसा आणि उल्हास नद्यांचे आहे, तर नवी मुंबई महापालिकेचे पाणी मोरबे धरणातून येते. पावसावर भरणारे हे नद्या-धरणांचे पाणी बोअरवेलच्या तुलनेत हलके असते. त्यामुळे एकाच शहरातील दोन घरांना एकच उपाय लागू पडेलच असे नाही, आणि नवी मुंबईत नेरुळला राहणाऱ्या नातेवाइकांनी सांगितलेले प्रमाण घोडबंदरला अपुरे ठरू शकते.

आधी पाण्याचा जडपणा तपासून घ्या. घरोघरी असलेले टीडीएस मीटर एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, जडपणा वेगळा दाखवत नाही. त्यासाठी थेंब मोजून रंगबदल पाहण्याचे छोटे किट मिळते, किंवा प्रयोगशाळेतून चाचणी करून घेता येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. याचा अर्थ, पिण्याच्या निकषावर चालून जाणारे पाणीसुद्धा कपड्यांसाठी फार जड असू शकते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर एका बाटलीत महापालिकेचे आणि दुसऱ्या तशाच बाटलीत टँकरचे पाणी अर्धे-अर्धे भरून, दोन्हींत सारखाच साध्या साबणाचा कीस टाकून जोराने हलवावे. जिथे फेस न धरता पाणी दुधाळ होते आणि वर साका तरंगतो, ते पाणी जड समजावे. यासाठी डिटर्जंट वापरू नये, कारण त्याला जड पाण्यातही फेस येतो.

सोसायटीत पाणी मृदू करण्याचा संयंत्र बसवावा, असा आग्रह अनेकदा होतो. त्यातील राळ (रेझिनचे बारीक मणी) कॅल्शियमच्या बदल्यात सोडियम देते आणि तिला पुन्हा सक्षम करण्यासाठी मिठाचे दाट पाणी सोडावे लागते. ते खारे पाणी अखेर गटारातच जाते आणि सोसायटीचे सांडपाणी बागेला देत असाल तर झाडे करपतात. कपड्यांच्या मऊपणासाठी आख्ख्या इमारतीचे पाणी मृदू करणे मला पर्यावरणाच्या दृष्टीने योग्य वाटत नाही. महापालिकेचे पाणी ज्या वेळी येते त्या वेळी मशीन लावणे आणि बोअरवेलची टाकी वेगळी ठेवण्याचा आग्रह सभेत धरणे, हे दोन्ही अधिक हिताचे आहे.

कासारवडवलीकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाटलीची चाचणी लगेच केली. नळाच्या पाण्याला छान फेस आला, टँकरच्या पाण्यावर मात्र पांढरा साका तरंगत राहिला. आता दोन शंका उरल्या आहेत. आधीच कडक झालेले टॉवेल पूर्ववत होतील का? आणि मशीनच्या रबराचे काय? आमच्या धुण्याच्या गॅलरीत कोटा फरशी आहे, म्हणून बादलीत आम्लाचे पाणी करावे की नाही, याविषयीही विचारते.

जुईनगर_रसायन

होतील, फक्त साचलेले पुट एकदा काढावे लागेल. टॉवेल प्रथम पावडर न घालता कोमट पाण्यात मशीनमधून एकदा काढा, म्हणजे जुनी पावडर निघून जाईल. नंतर प्लास्टिकच्या बादलीत दहा लिटर कोमट पाण्यात पाच-सहा चमचे सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवून टॉवेल तासभर बुडवून ठेवा. पुट जास्त असेल तर बारीक बुडबुडे येताना दिसतील. रंगीत टॉवेलाचा कोपरा आधी भिजवून रंग सुटत नाही ना हे पाहून घ्या. त्यानंतर दोनदा नळाच्या पाण्यात खळबळा आणि काकूंनी सांगितल्याप्रमाणे झटकून वाऱ्यावर वाळत घाला. सॉफ्टनरचा स्निग्ध थर आम्लाने निघत नाही. तो पुढच्या काही धुलायांत, सॉफ्टनर पूर्ण बंद ठेवल्यावर, डिटर्जंटने हळूहळू उतरतो.

कोटा फरशीबद्दल तुम्ही विचारले हे बरे झाले. कोटा हा चुनखडीचा दगड आहे आणि संगमरवराप्रमाणेच आम्लाने त्याची चकाकी जाते. त्यामुळे बादली न्हाणीघरात टाइल्सवर ठेवा आणि पाणी थेट जाळीत ओता.

रबराविषयी सांगायचे तर, काही मशीन उत्पादक व्हिनेगर वापरू नका असे पुस्तिकेत स्पष्ट लिहितात, म्हणून आपली पुस्तिका आधी पाहावी. तिने मनाई केली असेल तर आम्लाची शेवटची खळबळ बादलीतच करावी. मनाई नसेल तर चमचाभर लिंबूसत्त्वाचे द्रावण सॉफ्टनरच्या, म्हणजे फुलाचे चिन्ह असलेल्या, कप्प्यात घाला. मशीन ते शेवटच्या खळबळीत स्वतःच ओढून घेईल. हे प्रत्येक धुलाईला न करता टँकरचे पाणी असेल तेव्हा टॉवेल आणि चादरींपुरते करा. बाळाच्या दुपट्यांना आणि लंगोटांना त्यानंतर साध्या पाण्याची आणखी एक खळबळ द्या.

यासोबत पावडरऐवजी द्रव डिटर्जंट घ्या, कारण त्यात सहसा धुण्याचा सोडा नसतो, आणि मात्रा पाकिटावरील मापाच्या खालच्या बाजूने सुरू करा. शेवटच्या खळबळीच्या वेळी मशीनच्या काचेतून पाहावे. तेव्हाही फेस दिसत असेल तर डिटर्जंट अजून जास्तच होत आहे.