चर्चा: चढणीचे मासे धरणं बंद करावं का? आणि 'धरून सोडणं' खरंच बरं का?

दुधगंगाकाठ (धागा सुरू करणार)

मिरीग तोंडावर आलाय आणि मोबाईलवर 'यंदा चढणीला कुठं?' सुरू झालंय. त्याआधी एक मत मांडतो.

पहिला दणका पाऊस झाला की मासा नदीतून ओढ्याला आणि ओढ्यातून भाताच्या खाचरात चढतो. हौसेनं नव्हे, अंडी घालायला. आपण नेमके तेव्हाच बांधाच्या मोरीला जुनी मच्छरदाणी लावून बसतो. साफ करायला घेतला की बोटभर माशाच्या पोटातसुद्धा गाभोळीच गाभोळी, म्हणजे अंडी. तळून झकास लागते, नाही म्हणत नाही. पण त्या कढईत पुढच्या सालचा ओढा तळला जातो.

हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी परवाना काढावा लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी गळ टाकायलाच बंदी, कारण तो मासा थंडीत अंडी घालतो. आपल्याच राज्यात समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. मग आपल्या कोल्हापूरच्या भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांनी काय घोडं मारलंय?

माझं म्हणणं एवढंच: जून ते सप्टेंबर नदी-ओढ्यात मासा धरायचा नाही. ऑक्टोबर ते मे खुशाल गळ टाका, आणि जमलं तर फ्लाय फिशिंग शिका. गरीवर, म्हणजे गळाच्या आकड्यावर, पिसं आणि दोरा गुंडाळून किडा बनवायचा, गरीचा उलटा काटा पक्कडनं दाबून टाकायचा. त्या किड्याला वजन नसतं, वजन दोरीला असतं; दोरी डोक्यावरनं मागं-पुढं उलगडत न्यायची आणि किडा पाण्यावर अलगद टेकवायचा. महसीर, म्हणजे आपला खडस, पाण्यात पडलेली उंबरं खातो. काठावर उंबर असेल तिथं लालसर लोकरीचा गोळा बांधून टाका आणि मजा बघा. मासा बघायचा, सोडून द्यायचा.

बावड्याचा पठ्ठ्या

भावा, मत ऐकलं, पटलं नाही. चढणीचं कालवण वर्षातनं एकदाच चुलीवर चढतं. त्यात चिंच नाही, आमसूल घालतात आमच्यात, पण ते असू दे.

मच्छरदाणीवाल्यांनी नदी संपवली म्हणतोस. मग उन्हाळ्यात पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच लागतो तो कुणी खाल्ला? मळी आणि सांडपाणी ज्यांनी सोडलं त्यांना बंदी नाही, आणि खाचरात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला बंदी. लई भारी न्याय.

आणि ते धरून सोडणं तर मला कधीच कळलं नाही. खायचा नसेल तर त्याच्या तोंडात गरी घालायचीच कशाला? मी मारतो तो खातो. तू त्याला दमवतोस, फोटो काढतोस, आणि वर पुण्य माझ्यापेक्षा जास्त.

घाटावरचा

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. धागाकर्त्यांनी काठावरची हौस आणि पोटापाण्याचं काम एकाच पाटीत टाकलंय. धरणाच्या जलाशयात सोसायटीचा ठेका असतो, बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडतात, कटला-रोहू निघतो, त्याचा नदीच्या चढणीशी फार संबंध नाही. पण नदीवरच्या माणसाला चार महिने हात बांधून बसवायचं असेल तर त्या चार महिन्यांत त्यानं काय करायचं तेही लिहा. समुद्रावरच्या बंदीचं उदाहरण देताना तिथली दोन महिन्यांची बंदी तुम्ही चार केली, हे बघितलं का?

बाकी मच्छरदाणीच्या बाबतीत मी तुमच्याकडून आहे. तिच्यातनं काहीच सुटत नाही, तांदळाएवढं पिल्लूसुद्धा.

रसायनवाले सर

पठ्ठ्यांचा राग बाजूला ठेवा, पण त्यांच्या शेवटच्या मुद्द्यात दम आहे आणि त्याला आकडे आहेत.

धरून सोडण्याची रीत थंड पाण्यात वाढली. १० अंशांच्या पाण्यात एका लिटरला साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. हे स्वच्छ पाण्याचं झालं. सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू त्यातलाही ओढून घेतात. उलट पाणी तापेल तशी माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. गरीला लागून पाच-दहा मिनिटं झुंजलेला मासा दमछाक होऊन सुटतो, पोहत जाताना दिसतो, आणि पुढं कुठंतरी मरतो. आपण तेव्हा घरी पोचलेलो असतो. ट्राउट धरणारे जाणते लोक पाणी २० अंशांच्या वर गेलं की स्वतःहून गळ गुंडाळतात. आपली पंचगंगा २० च्या खाली कितीदा असते?

म्हणजे 'ऑक्टोबर ते मे खुशाल' हे वेळापत्रक डोंगरातल्या नदीचं आहे. इथं मार्चनंतर धरून सोडण्यापेक्षा एक धरून खाल्लेला बरा.

दुधगंगाकाठ

सर, मार्च ते मे वगळायला माझी हरकत नाही. पण थंडीत, सकाळी, धरणाखालच्या वाहत्या पाण्यात प्रश्न येत नाही. दोरी जाड वापरा, मासा दोन मिनिटांत काठाला आणा, हात ओले करून धरा म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर जात नाही, आणि पाण्याबाहेर काढूच नका. फोटो पाण्यातच घ्या. त्याला दमवत बसणारे असतात, त्यांच्यासाठी मी भांडत नाही.

पठ्ठ्या दादा, प्रदूषणावर तुमच्याइतकाच चिडलेलो आहे. पण नदी आधीच आजारी आहे म्हणून तिची अंडी खायला मोकळीक, हा हिशेब मला जमत नाही.

नवा गळवाला

एवढं डोकं लावण्यापेक्षा गगनबावड्याच्या ओढ्यांत नाहीतर राधानगरीत ट्राउटच सोडूया की! मुन्नारला आहेत, निलगिरीत आहेत. पर्यटन वाढेल.

रसायनवाले सर

मुन्नार आणि निलगिरीतलं ट्राउटचं पाणी दीड-दोन हजार मीटरवर आहे. गगनबावडा सातशेच्या आत-बाहेर. एप्रिलमध्येच ते मासे उकडून मरतील.

आणि समजा जगले, तर अजून वाईट. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात आपला दख्खनी खडस वाढवून त्याची पिल्लं देशभर दिली गेली. काम मनापासून केलेलं होतं. पण कावेरीत तो रुजला आणि तिथला स्वतःचा कुबडा महसीर मागं हटला. २०१८ मध्ये तो नामशेष होण्याच्या काठावरच्या यादीत गेला. आपल्याच देशातला, त्याच जातकुळीतला मासा एवढं करू शकतो. इथं चिलापीनं, म्हणजे बाहेरून आलेल्या तिलापियानं, आधीच काय केलंय ते रंकाळा तलावावर जाऊन बघा.

आणखी एक. दाजीपूर-राधानगरी अभयारण्य आहे, आत गळ टाकणंसुद्धा गुन्हा. 'सोडणार होतो साहेब' तिथं चालत नाही.

कुंभीवरचा शेतकरी

सगळे माशाला आणि माणसाला नियम लावताय, बंधाऱ्याचं कुणी काढलं नाही.

आमच्या खोऱ्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ओळीनं आहेत. दगडी खांब, मध्ये गाळे, गाळ्यात बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, दोन रांगांत घालून मध्ये माती ठासायची. पावसाळा सरला की घालतात, पावसाच्या तोंडावर काढतात. शेतीला त्याशिवाय इलाज नाही, माझा ऊस त्यावरच उभा आहे. पण बरगे आहेत तोवर मासा एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही. ज्या साली बरगे निघायला उशीर होतो आणि वळीव दणकून पडतो, त्या साली मासा भिंतीला धडका देत खाली थांबतो आणि तिथं हातानं धरतात. गळसुद्धा लागत नाही.

दुसरं, चढणीचा मासा सोडा आणि उतरणीचा धरा. भात पोसवून झाल्यावर खाचरातलं पाणी सोडतो तेव्हा पिल्लं घेऊन पाणी ओढ्याला जातं, मोठे मासेही निघतात. त्यांची अंडी घालून झालेली असतात. मोरीला मोठ्या डोळ्याचं जाळं लावा, बारकं जाऊ दे, मोठं घरी न्या. जूनमध्ये मात्र माझ्या बांधावर कुणी मच्छरदाणी लावलेली मला चालत नाही, पाव्हणा असला तरी.

घाटावरचा

हे पटतंय. पहिल्या पावसापासून जुलैअखेर बंद, मच्छरदाणी बारमाही बंद, एवढ्यावर आमची माणसं तयार होतील. सप्टेंबरपर्यंत नाही.

दुधगंगाकाठ

खडस पूर ओसरताना अंडी घालतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. जुलैअखेर म्हणजे नेमका तोच उघड्यावर पडतो. निदान तेवढा एक सोडायचा, गरीला आला तरी?

घाटावरचा

जाळ्यात आला तर? मेलेला परत टाकू? जिवंत असला तर सोडू, बाजारात तसाही कटल्याला गिऱ्हाईक जास्त.

बावड्याचा पठ्ठ्या

बरगे वेळेत काढायचा अर्ज पाटबंधारेला कुणी लिहीत असेल तर माझी सही धरा, आणि सांडपाण्याचा अर्ज त्याच पाकिटात घाला. मच्छरदाणी मी तशीही वापरत नाही, घरचे मच्छरांत झोपतील का. पण मिरगाच्या पहिल्या पावसाला मी बॅटरी घेऊन ओढ्याला असणार. ज्याला अडवायचंय त्यानं यावं, येताना आमसूल आणावं.