मदत हवी आहे: बाबांना रॉक कॉन्सर्टला न्यायचंय

नमस्कार मंडळी. माझे बाबा ६८ वर्षांचे. एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्स हा रॉक बँड आला, तेव्हा ते डोंबिवलीहून लोकलने जाऊन आले होते. ते तिकीट अजून त्यांच्या बँकेच्या पासबुकात आहे, शाई पुसट झालीय. बँडचा गायक मिक जॅगर तेव्हा साठीला टेकला होता, तरी स्टेजभर धावत होता, हे ते आजही डोळे मोठे करून सांगतात.

आता पुन्हा असा एखादा जुना बँड मुंबईत आला की त्यांना न्यायचंच, असं मी ठरवलंय. ताई म्हणते, आवाज गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी कशाला एवढे पैसे घालवतोस? मला ते पटत नाही. वरचे सूर लागत नसतील, गाणी खालच्या पट्टीत घेत असतील, पण ज्यांनी ती बांधली तीच माणसं समोर उभी असतात ना!

१७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस या रॉक बँडची कॉन्सर्ट झाली, तिथे कोणी गेलं होतं का? त्यांचा गायक अ‍ॅक्सल रोझ तेव्हा ६३ वर्षांचा होता. प्रत्यक्षात कसा वाटला, खरं सांगा. मुख्य म्हणजे, ज्येष्ठांना बसायची सोय होती का? बाबांचे गुडघे तासाभरात बोलायला लागतात. शिवाय डाव्या कानाला मशीन आहे. एवढ्या आवाजात ते काढून ठेवावं की इअरप्लग चालतील? आणि सुटल्यावर गर्दीतून महालक्ष्मी स्टेशन गाठणं त्यांना झेपेल का?