मसुदा साहेबांनी लिहून द्यावा की परत पाठवावा?

कसब्यातला
दीड वर्षापूर्वी कार्यालय अधीक्षक झालो. ऑफिस सोलापुरातलंच, नाव कशाला. हाताखाली सहा लिपिक, दोन शिपाई. पहिले आठ महिने घरी जायला रोज साडेसात वाजायचे, कारण सगळ्यांचे मसुदे संध्याकाळी मीच नव्याने लिहीत बसायचो. सव्वासहाला हॉलमधले पंखे बंद व्हायचे, माझ्या डोक्यावरचा तेवढा चालू.

मग एके दिवशी अकरा वर्षं नोकरी झालेल्या एका भाऊसाहेबांनी मसुदा आणून ठेवला. संदर्भ कोरा, तारीख कोरी, विषयापुढे "बाबत" एवढा एकच शब्द. विचारलं तर म्हणाले, "तुम्ही बघूनच घेता की ओ साहेब."

त्या दिवसापासून लिहून देणं बंद. चुकलेल्या ओळीपुढे समासात पेन्सिलीची फुली मारायची आणि मसुदा परत. शिवाय दर सोमवारी खुर्ची ओढून एकेकाच्या टेबलाशी बसतो. कार्यविवरण नोंदवही उघडायची, मागची शिल्लक, आवक, निकाली, आजची शिल्लक मांडायची, गठ्ठे सोडून बघायचे. माझं मत असं झालंय की स्वतः लिहून देणारा अधीक्षक माणूस म्हणून चांगला असतो, पण हाताखालचा लिपिक बिघडवतो. पटत नसेल तर बोला.

निवृत्त हेडक्लार्क
नाही पटत. माझे पहिले साहेब मसुदा असा खाडाखोड करून द्यायचे की मूळ ओळ शोधावी लागायची. तो लाल शाईचा कागद मी घरी नेऊन वाचत असे. "माहितीस्तव" कुठे आणि "उचित कार्यवाहीस्तव" कुठे, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत, ते त्या लाल शाईतूनच आलं. तुमची फुली म्हणजे नुसतं कोडं. चूक आहे एवढं कळतं, बरोबर काय ते कळत नाही.

दुसरं, 2005 चा बदल्या आणि विलंबाचा कायदा आठवा. एका कर्मचाऱ्याकडे नस्ती म्हणजे फाइल सात कामाच्या दिवसांवर राहता कामा नये. तुमच्या फुलीच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की सात दिवस कुठे गेले?

आवक-जावक
साहेब, मी लिपिक आहे, तुमच्या ऑफिसातला नाही. आस्थापना आणि लेखा अशी दोन टेबलं एकटा ओढूलालोय. एक पद रिकामं, त्याचा कार्यभार "तात्पुरता" म्हणून माझ्याकडे आला त्याला दोन वर्षं होतील. मध्ये निवडणुकीचं काम, आषाढीला पंढरपूरची ड्युटी. परत आलो की सोमवारी नोंदवही उघडी आणि शिल्लक लाल शाईत.

खुर्ची ओढून बसता, चांगलंय. पण उठल्यावर काय करता? रिक्त पदाचं पत्र वर कोण लिहिणार? तो मसुदा तर लिपिकाचा नाही ना.

बार्शी रोड
ड्युटी सगळ्यांनाच लागते हो भाऊ. माझ्याकडेही दोन टेबलं आहेत. पण टेबलावरचे कागद वेगळे करून ठेवायचे सहा गठ्ठे नीट बांधलेले असले तर परत आल्यावर अर्ध्या दिवसात गाडी रुळावर येते. आमच्याकडे एकाच्या प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात तीन वर्षांपूर्वीचं उत्तर सापडलं. उत्तर आलेलं, आणि हे अजून वाटच बघतायत! नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठा तर कुणी सोडतच नाही, फडक्याच्या गाठीवर धूळ चढलेली असते. तपासणी हवीच.

नवी पेठ
मी काउंटरच्या पलीकडची. वडिलांच्या निवृत्तिवेतनाचं प्रकरण एका ऑफिसात होतं. चौथ्या खेपेला कळलं, पत्र तयार आहे पण "साहेबांनी परत पाठवलंय". का? तर वाक्यरचना. एप्रिलच्या उन्हात सात रस्त्यापर्यंत चार चकरा झाल्या त्या एका वाक्यापायी. लिपिकाला शिकवायचंय तर शिकवा, पण आमच्या कागदावर नको.

कसब्यातला
मॅडम, हे लागलं, आणि खरं आहे. नागरिकाला जाणारं पत्र आता परत पाठवणार नाही. ते त्याच दिवशी मी दुरुस्त करून सोडेन आणि दुरुस्तीची प्रत लिपिकाला देईन. फुली राहील ती आढाव्याच्या माहितीला आणि वरच्या पत्रव्यवहाराला. लोकसेवा हक्क कायद्यात दंड 500 ते 5000 रुपये आहे, पण चकरांचे पैसे त्यातून कुणाला परत मिळत नाहीत.

हेडक्लार्क अण्णा, "बाबत"वाल्या भाऊसाहेबांचं एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या सोमवारी त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. एक अक्षर दाबायचं, थांबायचं, पुढचं शोधायचं. मिनिटाला 30 शब्दांची मराठी टंकलेखन परीक्षा दिलेला माणूस! पण ती दिली होती टाइपरायटरवर. संगणकावर कुणीतरी इनस्क्रिप्टचा, म्हणजे वेगळ्याच मांडणीचा कीबोर्ड लावून ठेवलेला, तो त्यांच्या हातात कधी बसलाच नाही. तेव्हापासून लांब मसुदा आला की शेजारच्या ऑपरेटरला सांगून टाइप करून घ्यायचे, आणि ऑपरेटर रजेवर असला की संदर्भ कोरा, तारीख कोरी. मी आठ महिने त्याला आळस समजत होतो. युनिकोडमध्येच रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरसारखी मांडणी लावून दिली. दुसऱ्या दिवशी दीड पानाचा मसुदा आला. चुका होत्या, पण दीड पान.

निवृत्त हेडक्लार्क
म्हणजे फुलीनं नाही, शेजारी बसल्यानं झालं. मी तेच म्हणतोय. समोर बसवून दाखवा. माझा विरोध कोड्याला आहे.

कसब्यातला
शेजारी बसलो ते लिहून देणं बंद केलं म्हणूनच ना अण्णा. लिहीत राहिलो असतो तर त्यांची बोटं मला कधी दिसलीच नसती.

निवृत्त हेडक्लार्क
ते ठीक. तरी फुलीपुढे दोन शब्द लिहा. "संदर्भ घाला" लिहायला किती शाई लागते?

आवक-जावक
सगळ्यांचं जमलं, माझं राहिलं. रिक्त पदाचं पत्र?

कसब्यातला
तुमच्या ऑफिसचं मी काय लिहिणार? आमचंही एक टेबल गेल्या जूनपासून मोकळं आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर जावक नोंदवही चाळली. माझं शेवटचं पत्र सप्टेंबरमधलं निघालं, त्यानंतर एकही स्मरणपत्र नाही. आज मसुदा लिहून वरच्या साहेबांकडे ठेवलाय.

आवक-जावक
फुली मारून परत आला की सांगा.