मोठं चाक शायनिंगसाठी नव्हतं

कुणीतरी लिहिलंय की पेनी-फार्दिंगचं, म्हणजे पुढे भलंमोठं आणि मागे चिमुकलं चाक असलेल्या जुन्या सायकलचं, पुढचं चाक एवढं मोठं ठेवायचे ते निव्वळ शायनिंग मारायला. शायनिंग होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. पेडल थेट चाकाच्या आसाला जोडलेलं, चेनच नाही, म्हणजे पायाची एक फेरी झाली की चाकाचीही एकच, मग वेग हवा तर चाक मोठं करा, एवढाच उपाय. ५२ इंची चाक एका फेरीत साधारण ४.१५ मीटर जायचं. पुढे मर्यादा पायांची, ज्याची तंगडी लांब त्याचं चाक मोठं, ६० इंचाच्या वर सहसा कुणाचे पाय पोचायचेच नाहीत 😄 आणि चाक दगडावर अडलं की माणूस हँडलवरून थेट डोक्यावर. १८८५ च्या रोव्हर सेफ्टी या सायकलने मागच्या चाकाला चेन दिली आणि तो विषय संपला.

गंमत म्हणजे ते माप अजून गेलेलं नाहीये. सायकलवाले आजही गिअर 'इंचात' सांगतात, ते इंच म्हणजे पेडलच्या एका फेरीत तेवढंच अंतर जाणाऱ्या या जुन्या चाकाचा व्यास. मी आमच्या घरच्या काळ्या सायकलच्या चेनच्या चकत्यांचे दात मोजले, ग्रीसने हात बरबटले ते वेगळंच, पुढे ४४, मागे १८, चाक २८ इंची. हिशोब केला, ४४ भागिले १८ गुणिले २८, तर ६८ इंच आले. म्हणजे आजोबा ज्या सायकलवरून आरामात दळण आणायचे तेवढी मजल एका फेरीत मारायला तेव्हा पावणेसहा फुटी चाक लागलं असतं, आणि त्यावर डबा ठेवणार कुठे!