मदत हवी आहे : पंचनाम्याआधी छप्पर झाकलं तर चालेल का?
मंडळी, परवा संध्याकाळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावात वळवाआधी असा वारा सुटला की काकांच्या घराचे पत्रे उडून काजूच्या बागेत पडले. पोरांनी रात्रीच बॅटरीच्या उजेडात आडवा पडलेला आंबा तोडून रस्ता मोकळा केला, म्हाताऱ्यांना शाळेत हलवलं. १०७७ या जिल्हा आपत्ती मदत क्रमांकावर कळवलंय, पण पंचनाम्याला अजून कुणी आलेलं नाही आणि आभाळ रोज भरून येतंय.

आपत्ती निधीतून अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० मिळतात म्हणे. मातीच्या भिंती, म्हणजे कच्चंच धरणार ना? (चार हजारांत पत्रे तरी किती येणार, ते असो.) फोटो काढून ताडपत्री घातली तर पंचनामा अडेल का? आणि अर्ज कन्नडमधून लिहून देणारं कुणी आहे का?